भिवाने मागितलेली जड नळी

मी लिहिणारा माणूस नाही. अठ्ठावीस वर्षं इथे आखातात पेस्ट कंट्रोलच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळलं. तिथे जे लिहिलं ते वस्तूंची नावं, नग आणि तारखा. आमच्या मंडळाच्या अंकासाठी कुंदाताईंनी 'आपल्यातला एखादा साधा माणूस' यावर लिहायला सांगितलं तेव्हा मी दोन महिने टाळलं. शेवटी त्या म्हणाल्या, "रामभाऊ, इतकी वर्षं इथे काढलीत, एक माणूस आठवत नाही तुम्हाला?" आठवत होता. टाळत होतो ते त्यामुळेच.

त्याचं नाव भिवा गवस. दोडामार्गाकडचा. अंगाने किरकोळ, मिशी पिकलेली, चालताना उजवा खांदा किंचित वर. आमच्या कंपनीत तो पक्ष्यांचा माणूस होता. झुरळांना, उंदरांना औषध असतं, पण धान्याच्या गोदामात कबुतरं शिरली की औषध चालत नाही. आधी जाळ्या लावायच्या, तुळयांवर खिळ्यांच्या पट्ट्या ठोकायच्या, आणि तरीही जी कबुतरं, जे कावळे उरतात त्यांच्यासाठी हवेची रायफल. परवाना कंपनीचा, रायफली लोखंडी कपाटात, कपाटाची किल्ली माझ्याकडे. प्रत्येक कामाच्या वेळी पोलिसांचं पत्र लागायचं आणि किल्लीवाल्याने रायफलींबरोबर जायचं असा नियम होता. त्यामुळे भिवा जिथे गेला तिथे मी गेलो. अकरा वर्षं.

नेम त्याच्या घरातला होता. वडिलांच्या नावावर शेतीसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक. वानरांपासून आणि रानडुकरांपासून काजू-केळी राखायची, त्यासाठीचा परवाना. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की आणायची, आणि ती खांद्यावरून वाहायचं काम लहान भिवाचं. ठासणीच्या बंदुकीत एकदा बार काढला की पुन्हा भरायला वेळ जातो. म्हणून एकच बार, तोही बघून-सवरून, आणि त्याच्या आधी कुकारा.

कुकारा म्हणजे रानात घालतात ती लांब हाक. त्यांच्या गावची रीत अशी की ज्याच्या हातात बंदूक तो आधी कुकारा घालणार. रानात जेवढी माणसं असतील तेवढ्यांनी आपापल्या जागेवरून उत्तर द्यायचं. तो मनात मोजणार. एक उत्तर कमी पडलं तर बार काढायचा नाही. जागा बदलली तर पुन्हा कुकारा, पुन्हा मोजणी.

भिवाने ही रीत फुजैऱ्याच्या बंदराजवळच्या पशुखाद्याच्या गोदामात आणली. आमच्या कंपनीचं सगळ्यात मोठं काम तिथे होतं. सकाळी ट्रक सुरू व्हायच्या आत, सहा ते नऊ, आम्ही तिथे असायचो. भिवा शिडीने वरच्या फळीवर चढायचा, रायफल कठड्याला टेकवायचा, दोन्ही हात तोंडाशी धरायचा आणि "कूऽऽऽ" करून जी हाक द्यायचा, ती पत्र्याच्या छपराला लागून तीनदा परत यायची. पहिल्या दिवशी सगळे दचकले होते. हळूहळू सवय झाली. खालून एकेकाचं उत्तर यायचं. सगळ्यात मोठ्याने उत्तर द्यायचा तो झाडूची गाडी चालवणारा शाहबाज. पेशावरकडचा, तिशीचा, फार गमत्या.

"उस्ताद, आज गला बैठा है क्या? कबूतर हँस रहे हैं," तो खालून ओरडायचा.

"तू मुंडी नीचे रख, हीरो," भिवा वरून म्हणायचा.

मग शाहबाज बाजूच्या दाराने बाहेर जाऊन बसायचा. अर्ध्या-पाऊण तासाने भिवा फळीच्या दुसऱ्या टोकाला जाई, दुसरा कुकारा घाली. शाहबाज बाहेरूनच उत्तर देई. दुसऱ्या टोकाचं काम झालं की भिवा खाली उतरून "खलास!" म्हणे, आणि शाहबाजची गाडी आत येई. घड्याळ बघायची गरजच उरली नव्हती. भिवाच्या हाकांवर ते गोदाम चालायचं असं म्हटलं तरी चालेल.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये कंपनीने रायफली बदलायचं ठरवलं. आमचा ऑपरेशन्स मॅनेजर डॅरिल, मूळ वसईचा, मराठी छान बोलणारा. त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर दोन लांब खोकी होती.

"रामभाऊ, हे बघा. डीलरने सॅम्पल ठेवलेत, एक आठवडा. मॉडेल सेम टू सेम. फरक फक्त बॅरलचा. हे स्टँडर्ड, हे हेवी. तो म्हणतो, बाहेरच्या देशांत शेतातले कोल्हे, घुशी मारणारे लोक हेवीच घेतात. आपल्याला काय सूट होईल ते भिवाला विचारा आणि मला एकपानी नोट द्या. पर्चेसला कारण दाखवावं लागतं."

"मी देऊ नोट?"

"मग कोण? तो लिहितो का? तुम्ही लिहा, तो सांगेल तसं. यल्ला, चला, आठवड्यात द्या."

मला वाटलं, यात विचारायचं काय. भिवाचं मत मला अकरा वर्षं पाठ होतं. कुणाकडे जड नळीची रायफल पाहिली की तो म्हणायचा, "ही बंदूक न्हय, मुसळ." साध्या नळीची रायफल सव्वातीन किलोची, जड नळीची पावणेपाच किलोची. गोदामाच्या शिडीला बेचाळीस पायऱ्या. पाठीवर रायफल, कमरेला छर्ऱ्यांची डबी आणि पाण्याची बाटली. जड नळी घेऊन ज्याला एका जागी बसून नेम धरायचा आहे त्याची गोष्ट वेगळी. आमच्या माणसांना चढायचं, वाकायचं, फळीवरून चालायचं असतं. बाकीचे दोघे नेमबाज, सोमनाथ आणि एक केरळचा मुलगा, दोघांनीही विचारताक्षणी साधी नळी सांगितली.

भिवाला विचारलं तेव्हा तो खाली बघून म्हणाला, "जड घेवया."

मी हसलो. मला थट्टा वाटली. "मुसळ?"

"ह्या उन्हात साधी नळी एका अंगान तापता," तो म्हणाला. "कावळ्यांका बाहेर मारताना बघलास मां? सकाळी नेम खय आणि नऊ वाजता खय. जड नळी लवकर तापत नाय. लिवा तसा."

ते खरंच होतं. बाहेरच्या कन्व्हेयरवर कावळे मारताना साध्या नळीच्या एका अंगाला ऊन लागे आणि तासाभरात नेम बोटभर सरके. भिवा मधेमधे हाताची पाठ नळीला लावून बघत असे आणि ओल्या फडक्याने ती पुसत असे. जड नळीत लोखंड जास्त, ती सावकाश तापते, तिचा कंपही कमी. टोकाला वजन असल्याने ती हवेत स्थिर राहते. हे सगळं पुस्तकातही आहे. पण अकरा वर्षं त्याने ओल्या फडक्यावर भागवलं होतं, मग आताच का, हे माझ्या मनात आलं. आलं आणि मी ते तिथेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अल कुसैसच्या आमच्या स्टोअरमागच्या मोकळ्या जागेत दोन्ही रायफली लावून बघायचं ठरलं. तीस मीटरवर कागद. कागदावर एका दिऱ्हमच्या नाण्याभोवती पेन्सिल फिरवून काढलेलं वर्तुळ. दरवर्षी मे महिन्यात बाहेरचा परीक्षक येऊन अशीच परीक्षा घ्यायचा. उभ्याने पाच छर्रे, पाचही वर्तुळात किंवा रेषेवर. नापास झालेल्याला रायफल मिळायची नाही. नेमबाज म्हणूनच त्याचा व्हिसा, त्यामुळे परतीचं तिकीट.

भिवाने आधी साधी नळी घेतली. मी त्याच्या मागे डावीकडे उभा होतो. नळीचं टोक मला दिसत होतं. ते स्थिर नव्हतं. वाऱ्यावर गवताची काडी हलते तसं बारीक, सारखं हलत होतं. पाच छर्ऱ्यांपैकी दोन वर्तुळात, दोन बाहेर, एक कागदालाही लागला नाही. भिवाने रायफल बदलली. जड नळीचं टोक एकदा खाली गेलं, वर आलं आणि थांबलं. पाच छर्रे. मी चालत जाऊन कागद बघितला. पाचही वर्तुळात, चार तर एकमेकांना चिकटून.

परत आलो तेव्हा तो रायफल पुसत होता.

"जड असली काय हात ऐकता," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"हात."

त्याने फडकं नळीवरून एकदा फिरवलं. मग म्हणाला, "गणपतीक घराक गेललंय तेवापासून. डॉक्टर म्हणता, वयाचा असा. कुंपणार बसलेली चिमणी जशी हलता तसो हलता. सारखो नाय. पण हलता."

मग मला एकेक गोष्ट आठवली. गेले सहा महिने तो चहा अर्धा ग्लासच घ्यायचा. "जास्त नको, पित्त होता," म्हणायचा. रजिस्टरमध्ये सही करताना डाव्या हाताने उजवं मनगट धरायचा. मी स्टोअरवाला. वस्तू कमी झाली तर मला दुसऱ्या दिवशी कळायचं. हे मात्र सहा महिने समोर होतं आणि मी बघितलं नव्हतं, की बघून सोडून दिलं होतं, आता सांगता येत नाही.

"भिवा, परीक्षकाला सांगू या का? ऑफिसात दुसरं काही काम..."

"ऑफिसात मी काय करू? लिवक येयना, इंग्लिश येयना." त्याने फडकं झटकलं. "रामभाऊ, माका हय लोक उस्ताद म्हणतत. गावात कोण म्हणता? घराक भाव असा, भावाचे झील असत, पुतणे माझे. मी गेलंय काय माका एक खुर्ची देतले. बस थय म्हणतले." मग हलक्या आवाजात, "जड नळीन काम होता मां? तुमी बघलास. मगे?"

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायची लाज वाटते, पण नाही सांगितली तर हा लेख खोटा होईल. त्याच्या चार वर्षं आधी एका गुरुवारी मी रायफलींच्या कपाटाला कुलूप न लावता, किल्ली तिथेच ठेवून घरी गेलो होतो. पूर्ण सुट्टीभर ते उघडं राहिलं. कुणाला कळलं असतं तर नोकरी तर गेलीच असती, पोलिसांत काय झालं असतं त्याचा मला आजही विचार करवत नाही. तेव्हा सुट्टी शुक्रवार-शनिवारची असे; रविवारी सकाळी सगळ्यात आधी भिवा आला होता. त्याने कुलूप लावलं, किल्ली माझ्या टेबलाच्या खणात टाकली आणि त्या गोष्टीचा पुन्हा कधी उच्चार केला नाही. एकदाही नाही. त्या सकाळी मोकळ्या जागेतही नाही. त्याने उच्चार केला असता तर बरं झालं असतं. मला निदान नाही म्हणायला राग तरी आला असता.

मी नोट लिहिली. सात ओळी. उन्हात नेम सरकत नाही. कंप कमी. लांबच्या अंतरावर अचूक. छर्रे वाया जात नाहीत. जखमी पक्षी कमी. टिकाऊ. प्रत्यक्ष चाचणी घेतली, निकाल सोबत. सोबत जड नळीचा कागद जोडला. साध्या नळीचा कागद मी घडी करून खिशात ठेवला आणि घरी येऊन फाडला. वजनाबद्दल एक ओळ लिहायला हवी होती. ती लिहिली असती तर डॅरिलने पुढचं विचारलं असतं. सात ओळींतली एकही ओळ खोटी नव्हती. तीच नोट आजपर्यंत मला सलते.

एप्रिलमध्ये तीन जड नळीच्या रायफली आल्या. सोमनाथने पहिल्याच दिवशी माझ्यासमोर आपटल्यासारखी ठेवली. "रामभाऊ, ही नोट कुणी लिहिली? त्याला एकदा शिडी चढायला लावा." मी हसण्यावारी नेलं. मे महिन्यात परीक्षा झाली. भिवाचे पाचही वर्तुळात. परीक्षकाने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या संध्याकाळी भिवाने सगळ्या स्टोअरला जिलबी आणली आणि स्वतः मात्र एक तुकडा हातात धरून बसला, खाल्ला नाही. मी विचारलं तर म्हणाला, "चिकट होता हात."

जूनमधला तो दिवस. सकाळीच तापमान चाळिसाच्या वर गेलं होतं, गोदामात दमट उकाडा. मी मोठ्या दाराशी खुर्ची टाकून रजिस्टर मांडीवर घेऊन बसलो होतो. आत आम्ही चौघे: वर भिवा, खाली मी, दोन हमाल पोत्यांच्या थप्पीमागे. शाहबाज बाजूच्या दाराबाहेर. भिवा शिडी चढायला लागला. पूर्वी तो बेचाळीस पायऱ्या एका दमात चढायचा. त्या दिवशी तीनदा थांबला. तिसऱ्यांदा थांबला तेव्हा त्याने कपाळ शिडीला टेकवलं होतं. मी उठलो. मग बसलो.

पहिला कुकारा झाला. मी उत्तर दिलं, हमालांनी दिलं, बाहेरून शाहबाजने दिलं, "कूऽऽ, ज़िंदा हूँ उस्ताद!" भिवाने कठड्यावर रायफल टेकवून काम सुरू केलं. त्या टोकाला कठडा आहे. तिथे टेकू मिळत असल्याने सगळं नीट झालं. सात कबुतरं पडली. मग तो उठला आणि रायफल हातांत आडवी धरून फळीच्या दुसऱ्या टोकाकडे चालायला लागला. त्या टोकाला कठडा नाही. तिथे उभ्याने, खांद्यावरून मारावं लागतं.

तो पोचला. रायफल खांद्याला लावली. दोन कबुतरं पोत्यांच्या थप्पीवर उतरली होती. मी वाट बघत होतो. कशाची ते त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं नाही. काहीतरी राहिलंय एवढंच वाटलं, घरातून निघताना वाटतं तसं. नळीचं टोक हललं, खाली गेलं, वर आलं. आणि बार झाला. हवेच्या रायफलीचा आवाज फार नसतो, कुणी जोरात चुटकी वाजवावी तेवढा. मागोमाग लोखंडी खांबावर टण्ण झालं. आणि शाहबाज ओरडला.

तो आत आला होता. बाजूच्या दारातून, खांबाला वळसा घालून, हातात फावडं. छर्रा खांबाला घासून त्याच्या उजव्या डोळ्याखाली घुसला होता. फावडं पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी आणि हमाल धावलो. त्याने तोंड दोन्ही हातांनी झाकलं होतं आणि बोटांमधून रक्त येत होतं. वरून भिवा उतरत होता. रायफल त्याने वरच ठेवली होती. अकरा वर्षांत रायफल सोडून तो पहिल्यांदा खाली आला.

हॉस्पिटल झालं, पोलीस झाले, कागद झाले. छर्रा निघाला. शाहबाजने तक्रार केली नाही. अपघात म्हणून प्रकरण बंद झालं. कंपनीच्या आतली चौकशी मात्र राहिली होती. चौथ्या दिवशी डॅरिलच्या केबिनमध्ये मी, भिवा आणि तो, तिघेच. डॅरिल चांगला माणूस. त्याला भिवाला वाचवायचं होतं हे दिसत होतं. त्याच्यासमोर माझी नोट होती.

"भिवा, मला सांग, रायफलमध्ये काही प्रॉब्लेम होता? नवीन बॅरल आहे. डीलरला लिहितो मी. बॅरलमुळे नेम गेला असं निघालं तर तुझ्यावर काही येणार नाही."

भिवाने माझ्याकडे बघितलं. मी नोटकडे.

"बंदूक बरी असा, सायबा," तो म्हणाला. मग, "चाय मागवा जरा."

डॅरिलला आश्चर्य वाटलं, पण त्याने पँट्रीतून चहा मागवला. चहा आला तेव्हा ग्लास नेहमीसारखा अर्धा होता. पँट्रीवाल्यालाही भिवाची सवय माहीत होती. भिवा त्याला म्हणाला, "भर. पुरा भर." त्याने काठोकाठ भरला. भिवाने उजव्या हाताने ग्लास उचलला, डावा हात मांडीखाली दाबून ठेवला. ग्लास टेबलापासून वीतभर वर आला आणि चहा सांडायला लागला. बोटांवर, सदऱ्यावर, टेबलावर, माझ्या नोटवर. चहा गरम होता. त्याने ग्लास सोडला नाही. तसाच तोंडापर्यंत नेला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला. अर्धाच उरला होता.

मग डॅरिल माझ्याकडे वळला. "रामभाऊ, तुम्हाला माहीत होतं?"

मी तोंड उघडलं. खरं सांगतो, उघडलं होतं.

"तेंका काय म्हायत?" भिवा म्हणाला. "ते स्टोअरातले. मी सांगितलंय, तेंनी लिवला."

मी तोंड मिटलं. डॅरिलने ओली नोट चिमटीत उचलली आणि टिपकागदावर ठेवली.

आठवड्याने भिवा गेला. शारजाच्या विमानतळावर मी त्याला सोडायला गेलो. रस्ता नेहमीप्रमाणे तुंबलेला, गाडीत आम्ही दोघेच. मी विचारलं, "दुसरा कुकारा का नाही घातलास?" मला वाटत होतं तो विसरला असेल. विसरला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याने पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडे बघत सांगितलं.

"कुकारो घालूचो तर बंदूक खाली ठेवची लागता, रामभाऊ. दोन हात लागतत तोंडाक. चढानच माझे दंड गेल्ले. ती खाली ठेवलंय असतंय तर परत खांद्याक लावूक गावली नसती. म्हणान म्हटलंय, एक बार काढतंय, मगे घालतंय."

साधी नळी असती तर त्याने रायफल खाली ठेवली असती, हाक दिली असती, पुन्हा उचलली असती. त्याचा नेम चुकला असता, पण कबुतरांवर. त्याही आधी, साधी नळी असती तर तो मे महिन्यातच नापास होऊन गेला असता. जिलबी झाली नसती, हेही झालं नसतं. हे मी त्याला गाडीत बोललो नाही. त्याने ते आधीच केलेलं असणार, हे गणित. उतरताना त्याने माझा हात धरला आणि त्याच्या हाताचा कंप माझ्या कोपरापर्यंत आला. "तुमी जीवाक लावन घेव नका," म्हणाला. मी हो म्हणालो.

त्याच वर्षी मीही काम सोडलं. आता मुलाकडे, सुदेशकडे, अल कुसैसलाच राहतो. काम सोडण्याआधी एकदा फुजैऱ्याला गेलो होतो, मुद्दाम शाहबाजसाठी. तो पुन्हा झाडूची गाडी चालवत होता. डोळा वाचला होता, पण त्या डोळ्याने त्याला सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. मी काय बोलायचं ते घरून ठरवून गेलो होतो. नोटबद्दल, हाताबद्दल. त्याने मला खुर्ची दिली, लबनची, म्हणजे ताकाची, बाटली दिली आणि स्वतःच बोलायला लागला.

"अंकल, मैं उस्ताद को कुछ नहीं बोलता. गलती मेरी भी है. मैं बाहर बैठा था. बहुत देर हो गई, दूसरी आवाज़ आई नहीं. मैं समझा, आज एक ही तरफ़ काम है, उस्ताद ने खलास बोला होगा, मैंने सुना नहीं. ग्यारह साल में ऐसा कभी नहीं हुआ कि गोली चले और आवाज़ न आए."

भिवाच्या हाकेवर त्याचा एवढा विश्वास होता की ती आली नाही म्हणून तो आत आला. हाकेची रीत तिथे नसतीच, तर तो दारातून आधी डोकावला असता. मी लबन संपवलं, त्याला माझा नंबर दिला आणि ठरवलेलं काही न बोलता शेवटच्या बसने परत आलो.

भिवाचा महिन्यातून एकदा फोन येतो. बंदूक आता पुतण्याच्या नावावर झाली आहे. काजूच्या दिवसांत भिवा बागेत माळ्यावर बसतो. "मी नुसतो कुकारो घालतंय. झील बार काढतत. माझो आवाज अजून बरो असा," म्हणतो. फोन ठेवताना दर वेळी विचारतो, "शाहबाजचो डोळो कसो असा?"

"बरा आहे," मी म्हणतो. "पूर्ण बरा."

"बरा झाला," तो म्हणतो, आणि मला त्याचा सुस्कारा ऐकू येतो.

गेल्या महिन्यात त्याने फोनवरच गमतीने कुकारा घातला. मी बाल्कनीत होतो. सोनम, माझी नात, अभ्यास करत होती, तिने वर बघितलं. "Someone's calling you? Who's that, Ajoba?" पलीकडे भिवा थांबला होता. तो उत्तराची वाट बघत होता हे मला कळत होतं, कारण उत्तर आल्याशिवाय तो पुढे बोलत नाही. "ऐकतोय रे," एवढंच मी हळूच म्हणालो.

"ह्या काय उत्तर?" तो म्हणाला. "ह्या मी मोजूचंय नाय."

कुंदाताई, हा लेख छापण्यासारखा नसेल तर छापू नका. माझी तक्रार नाही. छापलात तर मात्र मला दोन प्रती द्या. एक डॅरिलला नेऊन देईन, तो मराठी वाचतो. दुसरी भिवाला टपालाने पाठवीन. त्याला वाचता येत नाही, पुतण्या वाचून दाखवेल. त्यात डोळ्याचंही आहे, नोटचंही आहे. पुढच्या महिन्यात त्याचा फोन येतो का, ते बघायचं.